सरत्या वर्षाची पवारणा: २०२५ चा हिशेब, २०२६ चा संकल्प



डिसेंबर महिना आपल्यासाठी कॅलेंडरचे नुसते शेवटचे पान नसते. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर किंवा आपल्या गावच्या विहारात बाबासाहेबांना अभिवादन करतो. २५ डिसेंबरला महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण जागवतो. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. महिनाभरात एवढे मोठे चार दिवस येतात. या चार दिवसांच्या मध्ये एक संध्याकाळ आपण वेगळी काढली पाहिजे. तिथे स्टेज नको, हारतुरे नकोत, भाषण नको. समोर एक वही असावी आणि तिच्यात दोन प्रश्न असावेत: गेल्या वर्षी नेमके काय झाले? पुढच्या वर्षी नेमके काय करायचे?

नवीन वर्षाचे संकल्प संक्रांतीपर्यंतही टिकत नाहीत, असे लोक चेष्टेने म्हणतात. त्याची कारणे साधी आहेत. संकल्प मनातल्या मनात केलेला असतो, तो मोजता येत नाही आणि वर्षभरात त्याबद्दल विचारणारे कोणी नसते. या तिन्ही गोष्टींवर धम्मात अडीच हजार वर्षांपासून उपाय सांगितलेला आहे. त्याचे नाव पवारणा.

पवारणा म्हणजे काय?

आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एका ठिकाणी वर्षावास करतात. हा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो तेव्हा संघ एकत्र बसतो. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. मला तो दिसला तर मी तो सुधारीन. या विधीला पवारणा म्हणतात.

विनयपिटकात या नियमामागची हकीकत दिली आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. तीन महिने ते मुक्याने राहिले आणि मग आम्ही सुखाने राहिलो असे त्यांनी भगवंतांना सांगितले. बुद्धांना हे पटले नाही. माणसे जनावरांसारखी नुसती शेजारी शेजारी राहिली याला सुखाने राहणे म्हणत नाहीत, अशा अर्थाचे खडे बोल त्यांनी सुनावले आणि पवारणेचा नियम घालून दिला.

आपल्या मंडळांसाठी आणि संघटनांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. वाद टाळण्यासाठी न बोलणे म्हणजे एकी नव्हे. जिथे अध्यक्षांना खर्च विचारता येत नाही आणि तरुण पोरांचे म्हणणे बैठकीत ऐकून घेतले जात नाही, तिथे शांतता असते पण संघ नसतो. पवारणेत सुरुवात ज्येष्ठ भिक्खूपासून होते, हेही लक्षात घ्या. आधी थोरांनी विचारायचे की माझे काय चुकले, मग धाकट्यांनी. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो.

राहुलाचा आरसा आणि चार प्रयत्न

दुसरी शिकवण राहुलाला दिलेल्या उपदेशात आहे. आरसा कशासाठी असतो, असे बुद्धांनी राहुलाला विचारले. पाहण्यासाठी, असे उत्तर आले. तसेच काया, वाचा आणि मनाने होणारे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे, असे बुद्धांनी त्याला समजावले. त्यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होतो का, ही कसोटी त्यांनी दिली. सम्राट अशोकाने बैराट येथे सापडलेल्या आपल्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे असे जे उपदेश नावाने सांगितले, त्यात राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

तिसरी गोष्ट सम्यक व्यायाम. आर्य अष्टांगिक मार्गातील या अंगात चार प्रकारचे प्रयत्न सांगितले आहेत. जे अकुशल अजून निर्माण झालेले नाही ते होऊ न देणे, जे निर्माण झाले आहे ते सोडणे, जे कुशल अजून निर्माण झालेले नाही ते निर्माण करणे आणि जे कुशल आहे ते टिकवून वाढवणे. वर्षाचा हिशेब मांडण्यासाठी याहून सोपी चौकट सापडणार नाही. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा:

१. यंदा काय सोडायचे? (व्यसन, रात्रभर मोबाईल, जयंतीतील अवाजवी खर्च, गटबाजी)
२. यंदा काय शिरू द्यायचे नाही? (कर्ज काढून लग्न, अफवा पुढे पाठवणे, विहारात पक्षीय भांडण)
३. यंदा नवीन काय सुरू करायचे? (अभ्यासिका, साप्ताहिक वाचन, विद्यार्थ्यांचे कागदपत्र केंद्र)
४. जे चांगले चालू आहे त्यातले काय वाढवायचे? (रविवारची वंदना, रक्तदान, धम्म शिबिर)

बहुतेक लोक फक्त तिसरा रकाना भरतात. म्हणून दरवर्षी नवे काहीतरी सुरू होते आणि जुने बंद पडते. चौथा रकाना भरला की कळते, आपल्याकडे चांगले काय आहे आणि ते कोणाच्या कष्टावर उभे आहे. आणि पहिला रकाना भरल्याशिवाय नव्या कामासाठी वेळ आणि पैसा येणार कुठून?

बाबासाहेबांचे नियोजन

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे आपण घटनांची माळ म्हणून पाहतो. त्या घटनांमधले अंतर पाहिले तर नियोजन दिसते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे, वाचनालये, शिक्षणाचा प्रसार अशी उद्दिष्टे तिने समोर ठेवली आणि १९२५ साली सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरूही झाले. म्हणजे उद्दिष्ट कागदावर लिहिले आणि थोड्याच काळात त्यातले एक प्रत्यक्ष उभे केले.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. मधली २१ वर्षे बाबासाहेब थांबून राहिले नव्हते. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत परिषद घेऊन त्यांनी धर्मांतरामागची भूमिका समाजाला समजावून सांगितली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा. त्याच काळात संविधानाचे काम झाले, सिलोन आणि ब्रह्मदेशातील बौद्ध परिषदांना ते गेले आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. ध्येय एकच होते, पण दर वर्षाचे काम वेगळे आणि ठरलेले होते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी इशारा दिला होता. तो इशारा आपल्यालाही लागू आहे. बाबासाहेबांचा फोटो मोठा होत गेला आणि त्यांची काम करण्याची पद्धत आपल्या वहीत उतरली नाही, तर ती भक्ती होईल, अनुयायित्व होणार नाही.

२०२५ कडे कसे पाहायचे?

सरत्या वर्षात आपल्या समाजाशी संबंधित काही मोठ्या घटना घडल्या. त्या आपण मोबाईलवर पाहिल्या, स्टेटसला ठेवल्या. आता प्रत्येक घटनेला एक प्रश्न जोडून पाहू.

फेब्रुवारीत बोधगयेत महाबोधी महाविहार मुक्तीसाठी भिक्खूंनी उपोषण सुरू केले आणि आंदोलनाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. मागणी १९४९ चा बोधगया मंदिर कायदा रद्द करण्याची आहे. त्या कायद्याने व्यवस्थापन समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि चार बौद्ध, चार हिंदू सदस्य अशी रचना केली. प्रश्न असा: मोर्चात गेलेल्या आपल्या मंडळातील किती जणांना हा कायदा दोन मिनिटांत समजावून सांगता येईल?

१४ मे रोजी न्यायमूर्ती भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. हे पद भूषवणारे ते पहिले बौद्ध. आपल्याला अभिमान वाटला आणि तो रास्त होता. प्रश्न असा: आपल्या वस्तीतील किती मुले-मुली आज कायद्याचे शिक्षण घेत आहेत, आणि त्यांना पुस्तकांसाठी मदत लागते का, हे कोणी विचारले?

मे महिन्यात पिप्रहवा येथील बुद्धधातूंसोबत सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँगमध्ये होणारा लिलाव भारताच्या आक्षेपामुळे थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. प्रश्न असा: कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर, नाशिकची त्रिरश्मी यांसारखी लेणी आपल्याच राज्यात आहेत. आपल्या जवळच्या लेणीवर आपण वर्षभरात कितीदा गेलो आणि तिथला शिलालेख कोणाला वाचता येतो?

हे प्रश्न कोणाला खाली पाहायला लावण्यासाठी नाहीत. बातमीचा आनंद किंवा संताप आठवडाभर टिकतो. त्यातून एक काम निघाले तर ते वर्षभर टिकते.

आकड्यांत मोजा

वर्ष कसे गेले असे विचारले की आपण चांगले गेले किंवा वाईट गेले असे सांगतो. त्याने काही कळत नाही. मंडळाने किंवा विहार समितीने एका बैठकीत पुढची उत्तरे आकड्यांत लिहावीत. ५२ रविवारांपैकी किती रविवारी विहार उघडे होते? जयंतीची वर्गणी किती जमली? तिच्यातले किती डीजे, मंडप आणि मिरवणुकीवर गेले आणि किती शिक्षणावर? हिशेब फलकावर लावला का? वाचनालयातून किती पुस्तके घरी गेली? वस्तीतील किती मुलांनी दहावी-बारावीनंतर शाळा सोडली? समितीत किती महिला आहेत आणि त्यांतल्या किती जणींना सहीचा अधिकार आहे?

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, तिला सुमारे २५ हजार महिला जमल्या होत्या. ८० वर्षांपूर्वीच्या आज्या-पणज्या हजारोंनी परिषदेला येत होत्या. आज त्यांच्या नाती फक्त खीरदानाच्या रांगेत दिसत असतील, तर तो हिशेबाचा विषय आहे.

२०२६: तीन कामे पुरे

२०२६ साधे वर्ष नाही. १४ ऑक्टोबर २०२६ ला धम्मदीक्षेला ७० वर्षे पूर्ण होतील. त्यानंतर लगेच, २० मार्च २०२७ ला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षे होतील आणि २५ डिसेंबर २०२७ ला मनुस्मृती दहनाला. शताब्दी कोणत्या तयारीने साजरी करायची, हे २०२६ मध्ये ठरेल. आमच्या मते प्रत्येक मंडळाने फार तर तीन उद्दिष्टे घ्यावीत. दहा घेतली तर एकही होत नाही.

*पहिले काम: विद्यार्थ्यांची कागदपत्रे.* गुण असूनही अनेकांचा प्रवेश किंवा शिष्यवृत्ती कागदाअभावी अडते. वस्तीतील अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुला-मुलीची यादी करा. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटीवरील अर्ज असे रकाने आखा आणि खूण करत जा. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद शोधायला महिने लागतात, म्हणून हे काम निकालानंतर नव्हे, आताच सुरू करायचे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आणि परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, हेही मुलांपर्यंत पोचवायचे. दोन पदवीधर तरुण आणि एक लॅपटॉप एवढ्यावर हे केंद्र विहारात चालू शकते.

*दुसरे काम: जनगणना.* पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे आणि या वेळी सर्वांची जातही नोंदवली जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रातील. आजही काही घरांत गोंधळ असतो की धर्म बौद्ध सांगितला तर सवलती जातील. हा गैरसमज दूर करणे हे २०२६ चे काम आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात प्रमाणपत्रावरील जात, असे दोन्ही सांगता येते. प्रगणक घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा घरात आई किंवा आजी असते. म्हणून ही माहिती सभेत सांगून भागणार नाही, घरोघरी जाऊन सांगावी लागेल.

*तिसरे काम: विहारात वाचन.* ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे आठ खंड आहेत. फेब्रुवारीपासून महिन्याला एक खंड घेतला तर सप्टेंबरअखेर ग्रंथ पूर्ण होतो आणि ऑक्टोबरमध्ये दीक्षेची ७० वर्षे आपण तो वाचून साजरी करू शकतो. दर रविवारी एक तास, वाचणारा दर वेळी वेगळा, आणि शेवटची पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी. कोणाचाही प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, एवढा एकच नियम.

उद्दिष्ट कसे लिहावे?

‘यंदा समाजासाठी काम करू’ हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा आहे. ‘३१ मे पर्यंत आपल्या गल्लीतील बारावीच्या सर्व मुलांचे जात पडताळणीचे अर्ज दाखल झालेले असतील, जबाबदारी या दोघांची’ हे उद्दिष्ट आहे. त्यात काम, तारीख, माणूस आणि मोजमाप असे चारही भाग आले. यातला एक जरी भाग राहिला तरी काम लोंबकळते.

पैशाचेही तसेच. नागपुरात दीक्षेनंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले होते. महिना २० हजार पगार असेल तर विसावा भाग हजार रुपये, वर्षाला १२ हजार. दहा नोकरदारांनी दिले तर एका विहाराची अभ्यासिका वर्षभर चालते. ज्यांना अजून पगार नाही त्यांनी वेळ द्यावा. आठवड्याच्या १६८ तासांचा विसावा भाग आठ तासांहून थोडा जास्त होतो. एवढे सर्वांना जमणार नाही. दोन तास जमले तरी लिहून ठेवा, पण ते नक्की द्या.

आणि तपासणी? त्यासाठी वेगळी बैठक नको. आपल्याकडे पौर्णिमेला विहारात वंदना होतेच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना असल्याने १३ पौर्णिमा येतात. प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे वही उघडायची: ठरवले काय होते, झाले किती, अडले कुठे. १ मे च्या बुद्धपौर्णिमेला पहिला मोठा आढावा घ्यावा. २९ जुलैच्या आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात वाचनावर भर द्यावा. ऑक्टोबरअखेरच्या आश्विन पौर्णिमेला आपली स्वतःची पवारणा करावी. त्या दिवशी अध्यक्षांनी आधी विचारावे: माझे काय चुकले, सांगा.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूने एवढी कठोर साधना केली की चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. बुद्धांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार ढिली असली तरी लागत नाही. हे कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. नोकरी, घर, अभ्यास सोडून चळवळीत धावणारा तरुण तीन वर्षांत थकतो आणि कायमचा दूर जातो. आपले शिक्षण, प्रकृती आणि आईवडील यांनाही वहीत जागा द्या. एखाद्या महिन्यात काम झाले नाही तर स्वतःला दोष देत बसू नका. अडले कुठे ते लिहा आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बसा.

मार्च २०२७ मध्ये आपण महाडला जाऊ. चवदार तळ्याच्या काठी गर्दी तर होईलच. त्या गर्दीत आपल्या वस्तीतून आलेली मुले कोणत्या कॉलेजात शिकत असतील, आपल्या विहाराचे कुलूप किती रविवारी उघडलेले असेल, जनगणनेच्या रकान्यात आपल्या आजीने काय सांगितलेले असेल, हे २०२६ च्या १२ महिन्यांत ठरणार आहे. वही आजच आणा. पहिली पौर्णिमा ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनीच आहे.

सर्वांना नववर्षाच्या मंगल कामना!

नमो बुद्धाय! जय भीम!